३८३ स्ट्रोकर बनवतोय – हेड जुनेच ठेवू का, आणि कॅम किती मोठा?

पिकअपवाला_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७८ ची शेवरोले सी-१० पिकअप आहे. ३५० क्युबिक इंचाचं व्ही८ इंजिन, टीएच३५० ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, मागच्या ॲक्सलला ३.०८ चे गिअर. धूर मारायला लागली म्हणून इंजिन खोललं, मशीन शॉपवाला म्हणाला ३० थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर मारावाच लागेल, तर म्हटलं एवढं खोललंच आहे तर नुसतं ३५५ कशाला, ३.७५ इंच स्ट्रोकचा (पिस्टनची वर-खाली चाल, मूळची ३.४८) क्रँक टाकून ३८३ च, म्हणजे स्ट्रोकर, करून टाकू. किट बघून ठेवलंय, कास्ट क्रँक, ५.७ इंचाचे रॉड, डोक्यावर १८ सीसीची खोलगट डिश असलेले पिस्टन. ऑर्डर अजून केलेली नाही.
हेड जुनेच आहेत, ८८२ कास्टिंग नंबरचे, ७६ सीसीचं ज्वलन चेंबर. व्हॉल्व्ह ग्राइंड करून तेच परत बसवावेत असं चाललंय डोक्यात कारण बजेट किटमध्येच संपतंय. आणि ओळखीतला एक जण मागे लागलाय की कॅम २४०/२४६ चा (इनटेक/एक्झॉस्टचं ड्युरेशन, म्हणजे ५० थाउ उचलीला मोजलेला उघडा काळ, अंशांत) घे, ३८३ ला तेवढा लागतोच, आयडलला काय गडगडेल बघ. गाडी रोजची नाही, वीकेंडला काढतो, कधी छोटा ट्रेलर असतो मागे, हायवे बराच. पॉवर ब्रेक आहेत, आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसी बंद करायचा प्रश्नच नाही. रेस वगैरे काही नाही, पाय दिला की उठली पाहिजे बस्स. काय करू?

डेट्रॉइटकर_नाना
आधी त्या ओळखीच्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.
आता हेड. ३५० चं ३८३ केलं म्हणजे प्रत्येक सिलिंडर साधारण ९ टक्के मोठा झाला, म्हणजे त्याच आरपीएमला तेवढी जास्त हवा मागणार, पण पोर्ट आणि व्हॉल्व्ह तेच राहिले तर हवा येणार कुठून? मग होतं काय, खाली टॉर्क वाढतो तो वाढतोच, त्याबद्दल तक्रार नाही, पण वर लवकर दम तुटतो. ३५५ वर एखादं हेड-कॅम ५५०० ला पीक देत असेल तर ३८३ वर तेच सामान ५१०० च्या आसपास संपतं. आणि ८८२ म्हणजे सत्तरच्या दशकातलं, प्रदूषण-नियमांच्या काळातलं स्मॉग हेड, इनटेक पोर्ट २०० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) पुढे फारसा जात नाही, चेंबर उघडं-बोडकं, वर ही कास्टिंग तडा जाण्यासाठी बदनाम. ढोबळ हिशेब असा की २८ इंच पाण्याच्या दाबाला इनटेकचे जितके सीएफएम त्याच्या दुप्पट एचपी, हे व्ही८ चं वरचं टोक, रस्त्यावरच्या इंजिनाला त्यापेक्षा बरंच कमी मिळतं. म्हणजे किटवर एवढे डॉलर घालवून तुम्ही त्याच्या डोक्यावर बूच ठोकणार.
त्याहून वाईट कॉम्प्रेशन. ४.०३० बोअर, ३.७५ स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे ७८४ सीसी. आता ७६ चं चेंबर, १८ ची डिश, ४० थाउच्या गॅस्केटचे पावणेनऊ सीसी, आणि ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग (डेक) न कापता पिस्टन २५ थाउ खाली राहतो त्याचे अजून पाच, सगळं मिळून १०८ सीसी. कॉम्प्रेशन ८.३. त्यात तो २४०/२४६ चा, म्हणजे २८४ ॲडव्हर्टाइज्ड ड्युरेशनचा कॅम, ज्याचा इनटेक व्हॉल्व्ह बॉटम डेड सेंटरनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो तिथून पुढे) ६८ अंशांनी बंद होतो, म्हणजे पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच आणि भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये. आधीच ८.३, त्यातलाही बराच भाग खऱ्या अर्थाने वापरला जात नाही. सिग्नलवरून गाडी निघणारच नाही नीट. आवाज मात्र येईल गडगडाटाचा, शेजारी वाहवा करतील.

रात्रपाळी_ओहायो
नानांना +१. बजेट असेल तर थेट व्होर्टेक हेड बघ. १९९६ ते २००० च्या जीएम ट्रकमधल्या ५.७ वरचे, कास्टिंग नंबरच्या शेवटी ०६२ किंवा ९०६ असतं. ६४ सीसी चेंबर, १.९४/१.५० व्हॉल्व्ह, पोर्ट १७० सीसीच्या आसपास, आणि कारखान्यातून आलेलं लोखंडी हेड असूनही २३०-२४० सीएफएम देतं. जंकयार्डात अजून मिळतात. पण घेताना क्रॅक चेक करून घे, एक्झॉस्ट सीटच्या बाजूला बघायला सांग शॉपवाल्याला, गरम झालेल्या ट्रकमधले बरेच जातात.
दोन खर्च लोक विसरतात. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, व्होर्टेकला आठच बोल्ट आणि तेही वेगळ्या कोनात, तुझा जुना बसणारच नाही. रॉकरही सेल्फ-अलाइनिंगवाले आणि व्हॉल्व्ह कव्हर सेंटर-बोल्टचं, म्हणजे तुझी ती जुनी क्रोमची कव्हरं गेली. हेडची किंमत बघून खूश होऊ नकोस, हे सगळं धरून बेरीज कर.

टॉर्क_तात्या
व्होर्टेकचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले राव. २०२६ मध्ये कोण लोखंड उचलतंय? सरळ ॲल्युमिनियम १९५ सीसीचे घ्या, एएफआर कंपनीचे घ्या नाहीतर ट्रिक फ्लोचे, २.०२-२.०५ चे व्हॉल्व्ह, वर २५०-२८० सीएफएमच्या घरात फ्लो. ३५० ला १९५ मोठे वाटायचे, ३८३ ला नाही, तोच तर मुद्दा आहे स्ट्रोकरचा. ‘मोठा पोर्ट म्हणजे लो एंड गेला’ हे ३५० च्या काळातलं बोलणं, ३८३ मध्ये पिस्टनच जास्त जोरात ओढतो. ६००० आरपीएमला ३.४८ स्ट्रोकचा पिस्टन मिनिटाला ३४८० फूट जातो आणि ३.७५ वाला ३७५०. पोर्टमधला वेग टिकतो.
आणि कॅमच्या लोब सेपरेशनबद्दल (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन) कुणी बोलतच नाही. १२८ चा फॉर्म्युला लावा: एका सिलिंडरचे क्युबिक इंच भागिले इनटेक व्हॉल्व्हचा व्यास, गुणिले ०.९१, ते १२८ मधून वजा. ३८३ ला २.०२ व्हॉल्व्हवर १०६ च्या वर थोडंसं येतं, ३५० ला १०८. इंजिन मोठं आणि व्हॉल्व्ह तोच, तर सेंटर जवळ आणावे लागतात. मी तर १०७ वर ग्राइंड करून घ्या म्हणेन.

डेट्रॉइटकर_नाना
तात्या, गणित बरोबर, गाडी चुकीची. तो फॉर्म्युला कार्ब्युरेटर लावलेल्या, साडेदहाच्या आसपास कॉम्प्रेशनच्या इंजिनाला जास्तीत जास्त टॉर्क काढण्यासाठी आहे. यांना पॉवर ब्रेक आहेत, एसी लावून सिग्नलला उभं राहायचंय. सेंटर जवळ आणले की ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) वाढतो, व्हॅक्यूम पडतो, ब्रेक पेडल दगडासारखं होतं. ११० वर राहा.
१९५ च्या पोर्टबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ३८३ ला १९५ मोठं नाही, गाडीला ३.७३ चे गिअर असते आणि ६००० पर्यंत फिरवायची असती तर मी पण तेच सांगितलं असतं. पण ३.०८ च्या गिअरवर २८ इंचाच्या टायरने ताशी ६५ मैलांना इंजिन २४०० वर असतं. ही गाडी आयुष्यातला नव्वद टक्के वेळ १५०० ते ४००० मध्येच काढणार. त्या पट्ट्यात व्होर्टेक किंवा १८० चं ॲल्युमिनियम हेड, दोन्ही पुरून उरतात.
आता कॅम. लोक ‘३८३ ला मोठा कॅम लागतो’ म्हणतात ते अर्धंच खरं. खरं एवढंच की मोठं इंजिन कॅम गिळतं, ३५० मध्ये २२४ चा कॅम जेवढा ओबडधोबड वाटतो तेवढा ३८३ मध्ये वाटत नाही, ५-६ अंश लहान असल्यासारखा वागतो. म्हणून ३५० साठी जो निवडला असता त्याच्यापेक्षा एक पायरी वर जायला हरकत नाही, चार पायऱ्या नाही.
७८ चा ब्लॉक आहे म्हणजे कारखान्याच्या रोलर टॅपेटची सोय त्यात नाही, ती ८७ पासून आली. रोलर हवा तर रेट्रोफिट लिंक-बार टॅपेट घ्यावे लागतात, ते महाग. म्हणून हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेटच. कॉम्प कंपनीचे दोन कॅम बघा. एक्सई२६२, म्हणजे ५० थाउला २१८/२२४, लिफ्ट .४६२/.४६९. आणि एक्सई२६८, २२४/२३०, लिफ्ट .४७७/.४८०. दोन्ही ११० वर. साध्या व्होर्टेकमध्ये साधारण .४७० च्या पुढे गेलात की रिटेनर गाइडच्या सीलवर आपटतो, त्यामुळे २६८ घ्यायचा तर गाइड मशीन करणं आणि स्प्रिंग बदलणं आलंच. २६२ जेमतेम बसतो, तरी प्रत्येक व्हॉल्व्हला मोजूनच घ्या. तुमच्या ट्रेलरला आणि ३.०८ ला मी डोळे झाकून २६२ म्हणेन.

रंकाळा_रेसिंग
कोल्हापुरातनं बोलतोय, आमच्याकडं व्ही८ नाय पण हेड-कॅमची भानगड सगळीकडं सारखीच. भावा, नवीन कॅम आणि हेड बसवताना कागदावरच्या आकड्यावर इंजिन बंद करू नको. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह येतो तिथं मऊ क्ले लाव, जुनं गॅस्केट टाकून हेड बसव, टॅपेट सेट कर, हातानं दोन फेरे फिरव, हळू, अडकलं तर जोर लावायचा नाय. खोल आणि क्ले ब्लेडनं काप, सगळ्यात पातळ जागा मोज. इनटेकला ८० थाउ, एक्झॉस्टला १०० थाउ तरी पायजे.
आणि स्ट्रोकर हाय म्हणून अजून एक. रॉडचा बोल्ट कॅमच्या लोबजवळून जातो, तिथं ५० थाउ गॅप बघ, आठच्या आठ रॉडला, एक बघून सोडू नको. ब्लॉकच्या पॅन रेलला (तेलाचा पॅन बसतो ती कड) पण रॉड घासतो, तिथं ग्राइंडर मारावा लागतोय असं वाचलंय. ते सगळं ब्लॉक धुवायच्या आधी कर नायतर लोखंडाचा चुरा बेअरिंगमध्ये.

पिकअपवाला_ह्यूस्टन
एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. ८८२ चा नाद सोडला. गाडीने अडीच तासांवर एका यार्डात ९०६ ची जोडी आहे, शनिवारी बघायला जातोय. नाना, मग पिस्टन किटमधले १८ सीसी डिशचेच ठेवू की फ्लॅट टॉप मागवू? शॉपवाला म्हणतो फ्लॅट टॉपने ताकद जास्त.

डेट्रॉइटकर_नाना
१८ चेच ठेवा. स्ट्रोक वाढला की कॉम्प्रेशन आपोआप चढतं. ६४ च्या चेंबरवर ५ सीसीच्या फ्लॅट टॉपने झिरो डेकला (पिस्टन ब्लॉकच्या वरच्या कडेला बरोबर आला की) ३५५ मध्ये १०.४ येतं, तेच ३८३ मध्ये ११.१. लोखंडी हेड, ट्रेलर, टेक्सासचा ऑगस्ट, ९३ ऑक्टेन घातलं तरी पिंगिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी खडखड) करणार. १८ च्या डिशने झिरो डेकला ९.६ येतं, ते बरोबर.
पण डेक कापून घ्या, हे शॉपवाल्याला लिहून द्या. न कापता ९.२ येतं ते चालून जाईल, पण पिस्टन आणि हेडमधलं अंतर ६५ थाउ राहतं आणि क्वेंच (अरुंद फटीत मिश्रण दाबून ढवळलं जाणं) गेलाच. ४० थाउवर आणलंत तर चार्ज नीट ढवळला जातो आणि तेच पेट्रोल कमी पिंग करतं. कापण्याआधी एक पिस्टन आणि रॉड तात्पुरता बसवून चारही कोपऱ्यांत मोजायला सांगा, सगळे ब्लॉक कारखान्यातून सरळ आलेले नसतात.
कास्ट क्रँकचं किट आहे तर ते एक्स्टर्नल बॅलन्स (वजनाचा समतोल क्रँकच्या बाहेरच्या भागांवर) आहे का बघा. असेल तर शेवरोलेच्या ४०० क्युबिक इंच इंजिनाचा हार्मोनिक बॅलन्सर आणि ४०० चीच फ्लेक्सप्लेट, जुनी ३५० ची चालणार नाही.

रात्रपाळी_ओहायो
आणि फ्लॅट टॅपेट आहे, लोबला असेंब्ली ल्यूब चोपडून लाव, तेल झिंकवालं. पहिल्यांदा सुरू झाल्या झाल्या २००० आरपीएमवर धर, वीसेक मिनिटं, आयडलला येऊच देऊ नकोस. टायमिंग आणि फ्लोट आधीच सेट करून ठेव, क्रँक मारत बसलास की लोबवरचं ल्यूब पुसून जातं. कार्ब्युरेटर ६५० सीएफएमचा पुरतो, ३८३ ला ६००० वर शंभर टक्के भरलं तरी ६६५ सीएफएम होतात, आणि तू तिथे जाणारच नाहीस.

टॉर्क_तात्या
६५० ने गाडी गुदमरते. ७५० घे.

रात्रपाळी_ओहायो
तात्या झोपा आता.