खपली गव्हाच्या हुग्गीत बदल करावा तो कितपत?

निपाणीची सून: आमच्या घरी सणावाराला सडलेल्या (म्हणजे कांडून टरफल काढलेल्या) खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर होते, गूळ, सुके खोबरे, खसखस, वेलदोडे असा नेहमीचाच थाट. सासूबाईंना मधुमेह असल्याने आता गोड जवळजवळ बंद झाले आहे, पण हुग्गीतला तो मऊ, किंचित चिवट दाणा त्यांना फार प्रिय आहे. त्याच गव्हाचा रात्रीच्या जेवणाला चालेल असा तिखट पदार्थ कोणी करते का? मुलांसाठी गोड हुग्गीतही काही नावीन्य आणता आल्यास कृपया सुचवावे.

संकेश्वरकर: ताई, तिखट खिचडी अवश्य करून पाहावी. गहू रात्रभर भिजवून, चौपट पाण्यात कुकरला मंद आचेवर मऊ शिजवावा आणि डावाच्या पाठीने जरासा घोटावा, म्हणजे काही दाणे मोडून खिचडी मिळून येते व उरलेले दाताखाली येतात. फोडणीत लसूण सढळ हाताने घालावा. संकेश्वरी मिरची मात्र बेतानेच, आणि रंग हवा असल्यास जोडीला ब्याडगी घ्यावी. वरून शेंगदाण्याचे कूट पेरून ताकासोबत वाढावी. हल्ली काही जण यात पावभाजीचा मसाला घालतात. मला ते रुचत नाही, कारण गव्हाची चवच त्यात बुडून जाते.

खानापूरकर: गोड हुग्गीत शेवटी नारळाचे दाट दूध आणि तुपात परतलेले काजू घालावेत, उन्हाळ्यात आमच्या भागात बरका फणस पिकतो, त्याचा रस गाळून घातल्यास गूळ निम्म्याने कमी लागतो. गूळ मात्र गहू पूर्ण शिजल्यावरच घालावा, नाहीतर दाणा टणक राहतो. गाईचे दूध हवे असेल तर ते पानात वाढताना घ्यावे. गुळाच्या उकळत्या हुग्गीत ओतले तर फाटण्याचा संभव असतो.

निपाणीची सून: आभारी आहे. सडलेला गहू न मिळाल्यास खपलीचा दलिया चालेल का?

अथणीची काकू: चालेल, परंतु त्याचा उपमा होईल, सासूबाईंना हवा असलेला दाणा त्यात लागणार नाही. शिवाय खपली झाली तरी तो गहूच, त्यामुळे वाटीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मी खिचडीत गव्हाच्या निम्मी भिजवलेली हरभऱ्याची डाळ व मूठभर मेथी घालते, म्हणजे थोड्या गव्हातही पोटभर होते.