चार वर्षं जुनी पॉलिसी आणि कलम ४५
तुमच्या कथेच्या आराखड्यातला विमा कंपनीचा तपासनीस चार वर्षं जुन्या पॉलिसीचा क्लेम ‘मधुमेह लपवला’ म्हणून अडवतो, ते भारतात चालायचं नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार (२०१५ ची दुरुस्ती) तीन वर्षं उलटली की लपवाछपवीवरून आयुर्विम्याला हात लावता येत नाही. एक पळवाट आहे: पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू केली असेल, तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात.

माणूस मेलाच नसेल तर मात्र गंमत. तिथे वाद पॉलिसीचा नाही, मृत्यूचाच; कलम ४५ आडवं येत नाही. ग्रामपंचायतीचा मृत्यूदाखला अस्सल, शिक्क्यासकट, आणि ‘कैलासवासी’ दर महिन्याला रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा टेकवून गहू उचलतायत! तपासनिसाने ती नोंद आधी काढावी, शेजाऱ्यांचे जबाब नंतर. गावात बोभाटा झाला की अंगठा गायब होतो.