मऊ मातीत भिंत, खडकात घासणे

'ड्वार्फ फोर्ट्रेस' या भूमिगत वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळात खाली खोदताना जलधर थर, म्हणजे पाणी झिरपवणारा भूस्तर, लागला की जिन्याभोवतीचा प्रत्येक चौकोन खोदून तिथे भिंत बांधावी, हा नेहमी दिला जाणारा सल्ला मंद झिरपणाऱ्या थरांपुरता योग्यच आहे, कारण बांधलेल्या भिंतीतून पाणी येत नाही. मात्र तो थर वाळूसारख्या मातीचा आहे की वालुकाश्मासारख्या खडकाचा, हे आधी पाहिले तर बरेच श्रम वाचतात. खडकाची नैसर्गिक भिंत घासून गुळगुळीत केली की तिचे झिरपणे थांबते. त्यासाठी दगड आणावे लागत नाहीत आणि आणखी खोदून पाण्याला नवी वाट करून देण्याचा धोकाही टळतो. माती घासता येत नसल्याने तिथे बांधकामाला पर्याय नाही.

जोरदार झिरपणाऱ्या थरात पाणी इतक्या वेगाने भरते की घासणाऱ्याला उभे राहायलाही कोरडी जागा उरत नाही, तेव्हा पंपांनी उपसा करणे किंवा वरून जमिनीचा मोठा तुकडा कोसळवून पाणी अडवणे हे मुख्य मार्ग राहतात. मंद आणि जोरदार हा भेद २०२० च्या आवृत्तीपासूनचा असल्यामुळे त्याआधीची मार्गदर्शके वाचताना तेवढे ध्यानात ठेवावे; त्यांतील भीती जोरदार थरांची आहे.