‘डिग युअर ओन होल’: सलग अल्बम की तुकड्यांची जुळणी?

मंद्रसप्तक:
टॉम रोलंड्स आणि एड सायमन्स या केमिकल ब्रदर्स नावाच्या ब्रिटिश जोडीचा ‘डिग युअर ओन होल’ हा दुसरा अल्बम एप्रिल १९९७ मध्ये आला. बिग बीट ही त्यांची नृत्यसंगीताची शैली म्हटली की बहुतेकांना हिप-हॉपचे तोडलेले ठेके, कर्कश बेस आणि मधूनच येणारी आरोळी एवढेच आठवते, आणि पहिलेच गाणे, ‘ब्लॉक रॉकिन बीट्स’, ऐकून तो समज पक्का होतो. माझे म्हणणे असे की या अल्बममधली गाणी सुटी ऐकणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. गाणी एकमेकांत मिसळत जातात. सारा गोंगाट ओसरल्यावर ‘व्हेअर डू आय बिगिन’मध्ये गायिका बेथ ऑर्टनचा पेंगुळलेला आवाज येतो, त्यामागे ढोल बऱ्याच उशिराने कोसळतात, आणि मग नऊ मिनिटांहून मोठे ‘द प्रायव्हेट सायकेडेलिक रील’ सुरू होते. आधीचा दणका सोसलेला नसेल, तर या शेवटाला काहीच अर्थ उरत नाही.

चिपळ्या:
आपण शेवटच्या पंधरा-सोळा मिनिटांच्या पुण्याईवर तासाभराचा अल्बम तारून नेत आहात. गाणी एकमेकांत मिसळणे हे डीजेचे रोजचे काम आहे. १९९४ साली लंडनमधल्या एका पबच्या तळघरात हे दोघे रविवारी तेच करत होते. मला खटकते ते वेगळेच. या अल्बमला प्रतिष्ठा मिळाली ती गिटारवाल्यांच्या उसन्या नावांवर. ‘सेटिंग सन’ १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, त्यात ओएसिस या रॉक बँडच्या नोएल गॅलघरच्या आवाजाचा वाटा मोठा होता. आणि ‘ब्लॉक रॉकिन बीट्स’ला १९९८ मध्ये ग्रॅमी मिळाले, तेही रॉक वाद्यसंगीताच्या विभागात! नृत्यसंगीताला रॉकच्या पंगतीत बसवले म्हणून जे कौतुक झाले, त्याला संगीताचे कौतुक कसे म्हणावे?

उत्तररात्र:
पुरस्कार कोणत्या खान्यात टाकला, हा दोष पुरस्कार देणाऱ्यांचा. ‘सेटिंग सन’बद्दल मात्र चिपळ्या यांच्याशी मी अर्धा सहमत आहे, पण कारण नोएल नव्हे. त्याचा ठेका बीटल्सच्या १९६६ मधील ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या इतका जवळ जातो की बीटल्सच्या वकिलांनी विचारणा केली होती, आणि त्यात सॅम्पल, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, नाही हे संगीततज्ज्ञाकडून सिद्ध करून घ्यावे लागले. चोरी नाही हे खरे, तरी सावली पडतेच. उलट ‘ब्लॉक रॉकिन बीट्स’मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कूली डी या रॅपरची आरोळी उघडपणे उचललेली आहे, आणि तरीही ते गाणे मला अधिक स्वतंत्र वाटते, कारण उचललेला तुकडा तिथे ठेक्याचाच एक बोल होऊन जातो.

मंद्रसप्तक:
उत्तररात्र यांचा मुद्दा मला पटतो. चिपळ्या यांना एवढेच विचारतो की ‘इट डझन्ट मॅटर’ आपण कोणत्या साच्यात बसवाल? तिथे तोडलेला ठेका जवळजवळ नाहीच; हाउस या नृत्यसंगीताच्या प्रकाराप्रमाणे चारही मात्रांवर सारखा ठोका आहे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळत राहते आणि समेवर येण्याचे सुख मुद्दाम लांबवले जाते. अल्बमच्या मध्यावर असे दोन तुकडे सलग ठेवणे, म्हणजे नुसत्या दणक्याची सवय लागलेल्या श्रोत्याची परीक्षा पाहणे आहे. डीजे गर्दी पांगेल या भीतीने इतका वेळ थांबला नसता.

चिपळ्या:
थांबला असता, चांगला डीजे नेमका तिथेच थांबतो, म्हणूनच मी याला डीजेचे काम म्हटले, आणि ते काही मी हिणवण्यासाठी म्हटले नव्हते. ‘प्रायव्हेट सायकेडेलिक रील’बद्दल माझी हरकत नाही. सतारीसारखा तो झणकार एरवी पाश्चात्त्यांच्या हाती शोभेची वस्तू होतो, तसा इथे होत नाही, कारण ढोल त्याला निवांत बसूच देत नाहीत. मात्र त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी ‘लॉस्ट इन द के-होल’ ऐकलेच पाहिजे, हे मला अजूनही मान्य नाही. मी ते वगळतो आणि पुढच्या गाण्याचे काहीही बिघडत नाही.

उत्तररात्र:
त्यातला बेस एकदा हेडफोन लावून ऐका आणि मग वगळा.