चर्चा: विधवा निधीचं वाटप कुणाच्या हाती असावं? पहिल्या मंडळीचं उत्तर

सदरकर
काल उपासनेनंतर मंडळीची सभा झाली. पाऊण तास नव्या साउंड सिस्टिमवर गेला. विधवा निधीचा विषय दोन मिनिटांत पुढच्या महिन्यावर ढकलला. मागच्या बाकावर एक आजी औषधाची चिठ्ठी घेऊन बसल्या होत्या. घड्या घालून घालून ती मधोमध फाटली होती.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढा. यरुशलेमात, ख्रिस्ती लोकांच्या पहिल्या मंडळीत, ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीतून सुटत होत्या. कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ती दाबली नाही. सात जण निवडायला लावले, आणि सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच माणसांकडे वाटप दिलं. आपल्या कमिटीत एक तरी विधवा आहे का?

जुना सभासद
ब्रदर, पहिली मंडळी एवढी गोड नव्हती. ग्रीसमधल्या करिंथात प्रभुभोजनाच्या वेळीच एक उपाशी, दुसरा झिंगलेला. प्रेषित पौलाला पत्र लिहून खडसावावं लागलं. मंडळीला द्यायच्या पैशातले काही लपवणारं जोडपं, हनन्या-सप्पीरा, तेही त्याच काळातलं. आपलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज 1883 पासून उभं आहे, ते पहिल्या मंडळीसारखं घराघरांत जमून नाही. त्याला संस्था लागते, हिशेब लागतो. आणि साउंड सिस्टिम नसेल तर मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना वचन ऐकू कसं येणार?

मोहननगर
काका, हिशेब त्यांच्याकडेही होता. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो: रविवारी ज्याला जमेल तो देतो, पैसा प्रमुखाकडे जमा होतो, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांचं भागवलं जातं. 251 च्या सुमारास रोमची मंडळी 1500 हून जास्त विधवा आणि गरजूंना सांभाळत होती. एवढं काम कारभाराशिवाय होत नाही. फक्त त्यांच्या खर्चात आधी माणूस होता.

एक मुलगी
सदरकर दादा, मला हे पटत नाही. माझी आई अशी मदत घ्यायची. वर्षातून एकदा सगळ्यांपुढे तिचं नाव वाचलं जायचं, त्या रविवारी ती चर्चला यायचीच नाही. आता तिच्यासारखीला कमिटीत बसवून सगळ्यांना दाखवणार? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूचंच सांगणं आहे ना?

सदरकर
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नावं वाचणं आधी बंद व्हायला हवं, तोच पहिला ठराव मांडतो. पण वाटपात दोन विधवा हव्यातच, यावर मी ठाम आहे. तुमच्या आई तिथे असत्या, तर ती यादी त्यांनी वाचू दिली असती का?

आजींची औषधं आज मेडिकलमधून आणून दिली. महिनाभराचीच आहेत.