जर्मनीने देवाला घटनेबाहेर काढले होते, हे कोणी सांगितले?

उंबरठा :
गेल्या आठवड्यातील काटेकोर यांचा लेख आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला असेल. युद्धात धुळीला मिळालेल्या देशांपैकी जर्मनी आणि जपान यांनी धर्माला सरकारच्या दाराबाहेर ठेवले म्हणून त्यांची घडी बसली, आणि इराक व अफगाणिस्तान यांनी त्याला घटनेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कलमात मानाचे पान वाढले म्हणून त्यांचे वाटोळे झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. परकी फौजा, सद्दामच्या बाथ पक्षाच्या माणसांना एका फटक्यात नोकरीतून काढणे वगैरे कारणे तूर्त बाजूला ठेवतो. जर्मनीविषयीचे विधान मात्र इतके सपशेल चुकीचे आहे, की त्याला मिळालेली वाहवा पाहून रात्री अकरा वाजता चष्मा लावून लिहायला बसावे लागले.

१ सप्टेंबर १९४८ रोजी बॉनमध्ये संसदीय परिषदेचे ६५ सभासद जमले आणि २३ मे १९४९ रोजी त्यांचा 'मूलभूत कायदा', म्हणजे पश्चिम जर्मनीची घटना, जाहीर झाला. देवाप्रती आणि मानवाप्रती असलेल्या जबाबदारीच्या जाणिवेने त्याच्या सरनाम्याची सुरुवात होते. सातवे कलम सरकारी शाळांत धर्मशिक्षणाला रीतसर विषयाचा दर्जा देते. १४० वे कलम नाझींपूर्वीच्या, १९१९ च्या वायमार घटनेतील चर्चविषयक कलमे जशीच्या तशी उचलून घेते, आणि चर्चला कर घेण्याचा अधिकार त्यांतूनच मिळतो. याला धर्म दाराबाहेर ठेवणे म्हणायचे असेल, तर माजघरात मुक्काम ठोकलेला पाहुणाही दाराबाहेरच म्हणावा लागेल.

हे का झाले, तेही पाहू. नाझी राजवटीत न्यायाधीशांनी कायद्याच्या पुस्तकावर बोट ठेवूनच माणसे फासावर चढवली. 'कायदा तो कायदा' या शिकवणीने जर्मन विधिज्ञांना हुकूमशाहीपुढे निःशस्त्र केले, असे गुस्टाव राडब्रुख यांनी १९४६ मध्ये लिहिले. हे गृहस्थ पाद्री नव्हते. वायमार काळात ते समाजवादी लोकशाही पक्षाचे न्यायमंत्री होते आणि १९३३ मध्ये नाझींनी त्यांना प्राध्यापकपदावरून काढले होते. अन्याय असह्य पातळीला गेला की तो कायदा राहत नाही, हे त्यांचे सूत्र पुढे तेथील न्यायालयांनीही वापरले. कायद्याच्या वर काहीतरी असते, हे त्या राखेतून उठणाऱ्या माणसांना मान्य करावेच लागले. बगदादलाही तीच गरज होती. फरक एवढाच, की त्या वरच्या कायद्याचा अर्थ सांगणारा बॉनमध्ये कोण होता आणि बगदादमध्ये कोण.

काटेकोर :
माझ्या लेखासाठी आपण रात्र जागवलीत, याबद्दल आभारी आहे. सरनाम्यातील देव मला ठाऊक होता; तो लग्नपत्रिकेवरील गणपतीसारखा आहे, त्यावरून लग्नाच्या अटी ठरत नाहीत. पहिल्या कलमातील हक्क देवदत्त आहेत असे लिहावे, असा प्रस्ताव बॉनमध्ये आला होता आणि तो स्वीकारला गेला नाही. मानवी प्रतिष्ठेचे विधान ज्याचा अर्थ लावलेला नाही असेच राहू द्यावे, म्हणजे ते ना धर्मशास्त्राच्या मालकीचे होईल ना तत्त्वज्ञानाच्या, अशी परिषदेचे सभासद टेओडोर हॉइस यांची भूमिका होती. शिवाय राज्याचे अधिकृत चर्च असणार नाही, हे वाक्य आपण सांगता त्याच उचललेल्या कलमांत आहे. ते आपल्या चष्म्यातून सुटले असावे.

याच्या शेजारी इराकची २००५ ची घटना ठेवा. तिचे दुसरे कलम सांगते, की इस्लामच्या प्रस्थापित नियमांविरुद्ध कायदा करता येणार नाही, आणि तेच कलम पुढे सांगते, की लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्धही करता येणार नाही. दोन्ही आज्ञा एकमेकींना भिडल्या तर काय, याचे उत्तर ९२ व्या कलमात आहे : संघीय सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांच्या जोडीला इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकारही बसतील.

मृद्गंध :
आपण दोघेही जर्मनीला फार स्वस्तात सोडत आहात. मूलभूत कायद्याच्या दुसऱ्या कलमात व्यक्तिस्वातंत्र्याला तीन मर्यादा आहेत : इतरांचे हक्क, घटनात्मक व्यवस्था आणि 'नैतिक नियम'. या तिसऱ्या शब्दाने काय केले, ते पाहा. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंडसंहितेचे १७५ वे कलम १८७१ पासून होते. १९३५ मध्ये नाझींनी ते अधिक कडक केले. पश्चिम जर्मनीने ते नाझींच्याच शब्दांत १९६९ पर्यंत चालवले. दोन पुरुषांनी त्याविरुद्ध घटना न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९५७ मध्ये न्यायालयाने असे संबंध नैतिक नियमाच्या विरुद्ध असल्याचे सांगितले आणि त्यासाठी दोन मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या शिकवणुकीचा आधार घेतला. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत या कलमाखाली सुमारे ५० हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. ज्या नैतिक कायद्याला नाझींच्या विरोधात बोलावले होते, त्यानेच नाझींचा कायदा वाचवला. त्या शिक्षा रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. ज्या पूर्व जर्मनीत देवाला खरोखरच हाकलले होते, तेथील न्यायालय १९५० मध्येच जुन्या, सौम्य कलमाकडे परतले होते.

उंबरठा :
मृद्गंध यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो आवडलेला नाही. एवढे मात्र नोंदवतो, की त्याच न्यायालयाच्या त्याच पीठाने १९५९ मध्ये मुलांविषयीच्या वादात बापाचा शब्द अखेरचा ठरवणारी तरतूद रद्द केली, आणि त्या प्रकरणाची धुरा एर्ना शेफलर या तेथील पहिल्या स्त्री न्यायाधीशांकडे होती. पाद्री त्या निकालाने खूश नव्हते. पूर्व जर्मनीचे कौतुक मात्र भिंत ओलांडताना गोळी लागलेल्यांच्या घरच्यांना ऐकवून पाहावे.

वसईवाला :
वरच्या प्रतिसादांत चर्चच्या कराचा उल्लेख आला, म्हणून राहवले नाही. मी वसईचा कॅथलिक. नोकरीनिमित्त डसेलडॉर्फला आहे. आल्यावर पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना होता. आमच्या घरी लपवाछपवीची सवय नसल्याने मी सरळ 'रोमन कॅथलिक' असे लिहिले. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत एक अनोळखी कपात दिसली. आयकराच्या ९ टक्के रक्कम चर्चसाठी, आणि वसुली सरकारच्या कर खात्याची! बायर्न (बव्हेरिया) राज्यात ती ८ टक्के आहे, असे सहकाऱ्याने सांत्वन केले. कार्यालयातील बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, की नको असेल तर चर्चमधून नाव काढून या, थोडे शुल्क पडेल. नाव काढले तर काय होते, हे त्यांनी सांगितले नाही. ते मला फादरनी सांगितले. जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे असा माणूस ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी कोणाचा धर्मपिता होऊ शकत नाही.

वसईत माझे वडील दर रविवारी मिस्साच्या वेळी पेटीत काय टाकत, ते आईलासुद्धा माहीत नसे. येथे ते कर खात्याला माहीत आहे. हे काटेकोर यांच्या धर्मनिरपेक्षतेत बसते की उंबरठा यांच्या नैतिक पायात, ते दोघांनी मिळून ठरवावे.

राईनकाठ :
कर तरी फक्त आपल्यालाच पडतो. रविवार आम्हा सर्वांनाच भोवतो. मी कोल्हापूरचा, ना चर्चचा ना पोपचा. शनिवारी रात्री मुलाला घेऊन विमानतळावरून घरी आलो, दूध नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीत एक दुकान उघडे नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की वायमारमधून उचललेल्या कलमांतच रविवारला 'श्रमापासून विश्रांती आणि आत्मिक उन्नती' यांचा दिवस म्हणून संरक्षण आहे. बर्लिन राज्याने नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा दिली, तर चर्च न्यायालयात गेली आणि १ डिसेंबर २००९ रोजी जिंकली. माझ्या मुलाच्या दुधाच्या आड एका धर्माची प्रार्थना का यावी?

गिरणगाव :
दुधाच्या पिशवीवरून घटना मोडीत काढण्याआधी राईनकाठ यांनी आपलाच इतिहास वाचावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी काही वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. मालक साहेबी रविवार देईनात, तेव्हा रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे, हे लोखंडेंनी पुढे केले. सत्यशोधक माणूस, जोतीरावांचा सहकारी. पण कामगाराला श्वास घ्यायला एक दिवस मिळावा म्हणून त्याने देवाचे नाव घ्यायला कमी केले नाही. बर्लिनच्या खटल्यात चर्च पुढे होती, पण दुकानात उभ्याने राबणाऱ्या बायांना पुढे लागोपाठ चारही रविवार राबावे लागले नाहीत, त्याचे काय? माझ्या आजोबांनी गिरणीत ३१ वर्षे काढली. खंडोबाच्या नावाने मिळालेल्या त्या एका दिवसात ते आम्हाला राणीच्या बागेत नेत.

राईनकाठ :
आजोबांविषयी आदर आहे, पण लोखंडे यांनी खंडोबाला युक्तिवादात बसवले, घटनेत नव्हे. सुट्टी मंगळवारी दिली असती तरी कामगार तितकाच विसावला असता. आठवड्यातून एक दिवस विश्रांती हा कामगाराचा हक्क झाला. तो दिवस सर्वांना एकच हवा आणि तो चर्चचाच हवा, ही जबरदस्ती झाली. एवढा साधा फरक समजून घ्यायचा नसेल, तर चर्चेत येऊ नये.

गिरणगाव :
चर्चेत कोणी यावे, हे ठरवणारे पीठ राईनकाठ यांनी कधी स्थापन केले, ते कळवावे. विश्रांती सर्वांना एकाच दिवशी मिळाली नाही तर नवरा सोमवारी घरी, बायको गुरुवारी आणि पोरे रविवारी, हे आजच्या दुकानांतील नोकरांना विचारा. आणि दूध शनिवारी दुपारी आणून ठेवता येते.

वसईवाला :
शनिवारी दुपारी ते विमानात होते, हे त्यांनी लिहिले आहे. बाकी गिरणगाव यांच्याशी सहमत. रविवार मला हवा आहे, कर नको आहे.

बांबूवन :
रविवार आटोपला असेल तर जपानकडे येतो. मी तेथे ११ वर्षे राहिलो. काटेकोर यांचे जपानविषयीचे विधान कागदावर बरोबर आहे. १५ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शिंतो हा तेथील पारंपरिक धर्म आणि राज्य यांची फारकत झाली. नव्या घटनेच्या २० व्या आणि ८९ व्या कलमांनी धर्मसंस्थांना विशेष हक्क आणि सरकारी पैसा बंद केला. पण त्या घटनेचा मसुदा अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या कचेरीतील माणसांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये सुमारे आठवडाभरात लिहिला होता, आणि लोकांच्या सवयी आठवडाभरात बदलत नाहीत. त्सू शहराने १९६५ मध्ये व्यायामशाळेच्या भूमिपूजनाला शिंतो पुजारी बोलावले आणि ७,६६३ येन खर्च केले. त्यावरून एका नगरसेवकाने लावलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ मध्ये दहा विरुद्ध पाच मतांनी निकाल लागला, की हा समाजाचा रिवाज आहे, घटनेचा भंग नाही. पुढे एहिमे प्रांताने यासुकुनी या शिंतो देवस्थानाला सरकारी पैशाने दक्षिणा दिली, तेव्हा १९९७ मध्ये तेच न्यायालय म्हणाले, की हे चालणार नाही. नारळ फोडला तर रिवाज आणि दक्षिणा दिली तर धर्म, ही रेघ आपल्याकडील कोणत्याही सरकारी कचेरीत सत्यनारायणाला बसलेल्या माणसाला लगेच समजेल.

काटेकोर :
तेथे रेघ न्यायालयाने आखली, मुल्लाने किंवा पुजाऱ्याने नव्हे. मी वेगळे काय म्हणत होतो?

जुना प्रवासी :
सर्वांचे वाचत होतो. १९८१ ते १९८४ या काळात मी बगदादमध्ये एका बांधकामावर होतो. इराणशी युद्ध चालू होते, पुरुष आघाडीवर, त्यामुळे आमच्या आराखडा विभागात निम्म्या इराकी स्त्रिया होत्या. त्यांपैकी एका बाईंचा घटस्फोट झालेला होता आणि लहान मुलगी त्यांच्याजवळ राहत होती. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत आईकडे राहते, न्यायाधीशाला वाटले तर पुढेही, असे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत समजावले होते. तो १९५९ चा कौटुंबिक कायदा. तो काही धर्माबाहेरचा नव्हता. शिया आणि सुन्नी दोन्ही शास्त्रांतून निवडून बांधलेला होता, पण शियाला आणि सुन्नीला एकच होता, आणि निवाडा सरकारी न्यायाधीश करत असे. भिंतीवर सद्दामचा फोटो होता आणि त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे, हेही खरे. म्हणून त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही.

आता काटेकोर यांना अडचणीची वाटेल अशी गोष्ट. २००३ मध्ये घटना लिहिण्यासाठी अमेरिकी प्रशासनाला आपण नेमलेली माणसे हवी होती. लोकांनी निवडलेल्यांनीच घटना लिहावी, असा फतवा काढला तो इराकी शियांचे ज्येष्ठ धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी. लोकशाहीची मागणी धर्मगुरूची आणि नेमणुकीचा आग्रह धर्मनिरपेक्ष साहेबांचा! आणि उंबरठा यांना अडचणीची वाटेल ती अशी, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी प्रशासनाने नेमलेल्या मंडळाने १३७ क्रमांकाचा ठराव करून तो १९५९ चा कायदा मोडायचे ठरवले. बायका रस्त्यावर आल्या, दोन महिन्यांत ठराव मागे घ्यावा लागला. मग २००५ च्या घटनेत ४१ वे कलम आले, ज्याला जो पंथ त्याला तो कायदा. आणि जानेवारी २०२५ मध्ये संसदेने दुरुस्ती करून शिया जोडप्यांना जाफरी, म्हणजे शिया पंथाच्या, शास्त्राचा मार्ग खुला केला. निवडून आलेल्या संसदेने, हेही लिहून ठेवतो.

मृद्गंध :
त्या बाईंचे पुढे काय झाले?

जुना प्रवासी :
१९९० पर्यंत नववर्षाला पत्र येत असे. शेवटच्या पत्रात लिहिले होते, की मुलगी कायदा शिकते आहे.

काटेकोर :
माझ्या लेखातून 'जर्मनी' हा शब्द मी काढून टाकत आहे. 'जपान' ठेवतो, बांबूवन यांची आणखी हरकत येईपर्यंत. सिस्तानींविषयी वेगळे लिहावे लागेल आणि ते लिहिताना मला मुळीच आनंद होणार नाही. राईनकाठ आणि गिरणगाव यांनी रविवारसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही नम्र विनंती.

गिरणगाव :
काढला आहे. राईनकाठ यांचे तेथे चार प्रतिसाद आलेसुद्धा.