दुधात कुणाचा जीव जात नाही म्हणे!

गोठेवाली:
श्रावण लागला की दरवर्षी तेच. परवा इथे कुणीतरी लिहिलं, "मटण खाणाऱ्यांनी भूतदयेवर बोलू नये. आम्ही दूध-तूप खातो, त्यात कुणाचा जीव जात नाही." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. गप्प बसणार होते, पण राहवत नाही.

संगमनेर तालुक्यात आमचा गोठा आहे, सगळ्या एचएफ, म्हणजे विदेशी होल्स्टीन जातीच्या, संकरित गायी. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, एवढं तरी मान्य आहे ना? आणि व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. खिलार, डांगी अशा देशी गायी होत्या तेव्हा गोऱ्ह्याला किंमत होती, तो बैल व्हायचा. एचएफच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो. त्यातून ट्रॅक्टर आलाय, औताला जुंपतो कोण? तो रोज चार लिटर दूध पिणार, त्यापेक्षा ते डेअरीला घातलेलं बरं, असा उघडा हिशेब. चीक पाजतात, आठ-दहा दिवस कसाबसा ठेवतात. मग रात्रीचा टेम्पो येतो. टेम्पो नाही आला तर हायवे आहे. गोशाळेत न्यावा तर तिथे जागा नसते, असली तर चाऱ्याचे पैसे आधी ठेवा म्हणतात.

रेडकाची गत याहून वाईट, त्याला उपाशीच मारतात. माझे आजेसासरे मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढे धरायचे. ती चाटायची आणि पान्हा सोडायची. आता इंजेक्शन मिळतं, म्हणून कातडं लागत नाही.

मी मटण खाते आणि त्यासाठी बोकड मरतो हे मला ठाऊक आहे. तुम्ही पेढा खाता आणि हात जोडता.

सदाशिवपेठी:
गोठ्याचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष काय काढायचा? शाकाहारी शंभर टक्के शुद्ध नाही, म्हणून बोकड कापणं योग्य? हे म्हणजे कर सगळेच थोडा चुकवतात, तर दरोडा घातला तर काय बिघडलं, असं झालं. बोकडाला मारल्याशिवाय मटण मिळतच नाही. गोऱ्ह्याला सांभाळूनही दूध मिळू शकतं. सांभाळायचं नाही हे तुम्ही ठरवता, मी नाही.

दुसरं, ब्रॉयलर कोंबडीचं वजन एक किलो वाढवायला दीड-दोन किलो खाद्य लागतं, म्हणजे मका आणि सोयापेंड. लातूरचं सोयाबीन थेट माणसानं खाल्लं तर किती पोटं भरतील, यावर कुणी बोलत नाही.

गोठेवाली:
"सांभाळून मिळू शकतं." कितीला मिळेल ते सांगा ना! २०२४ ला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून उरलेल्या घन भागाच्या) दुधाला आमच्या हातात २५-२७ रुपये पडत होते. आम्ही ४० मागत रस्त्यावर उतरलो तेव्हा पेठेतले लोक दूध ओतणं कसं पाप आहे ते शिकवत होते. पाच रुपये अनुदान जाहीर झालं, त्यासाठी गायीच्या कानातला बिल्ला, बँक खातं, सगळं ऑनलाइन जुळवत बसलो. गोऱ्हा, भाकड गाय, म्हातारा बैल यांचा खर्च धरून लिटरचा भाव काढा आणि तेवढे मोजा. मी एकही गोऱ्हा सोडणार नाही, इथे लिहून देते.

पशुवैद्य:
लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरली तर दहातल्या नऊ वेळा कालवड होते. गोऱ्ह्याचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. भावनेपेक्षा तंत्रज्ञान बघा.

गोठेवाली:
डॉक्टरसाहेब, वापरलंय. गाय उलटते, पुन्हा भरावी लागते, तो भाकड काळ कुणाच्या खिशातून जातो? कालवडी होतात हे खरं, तेवढं मान्य. पण म्हातारी गाय त्याने तरुण होत नाही.

मराठवाडी:
सगळे कडेकडेनं बोलताय, मुद्द्याचं कुणी म्हणत नाही. गाय-वासरू कापायला १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती. २०१५ ला बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद. आधी म्हातारा बैल विकून शेतकरी नव्या जोडीत भर घालायचा, कसाब-खाटकाचं पोट चालायचं आणि आमच्या वस्तीत सगळ्यात स्वस्त कालवण शिजायचं. कायद्याने बैलाचा भाव पडला, बैल वाचला का? बाजारच्या दिवशी हायवेवर जाऊन बघा.

आमच्या आजीकडे अंगणात दोरीवर चान्या, म्हणजे मांसाच्या पट्ट्या, वाळत असायच्या. पावसाळ्यात काम नसलं की निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, आमच्या पणज्यानं सोडलं. ते माणूस म्हणून ताठ उभं राहायला सोडलं. तुमच्या ताटातला सात्त्विकपणा वाढावा म्हणून नाही.

सदाशिवपेठी:
आली जात! मी प्राण्यांबद्दल बोलतोय.

मराठवाडी:
जात आणावी लागत नाही दादा, ती ताटात आधीच वाढलेली असते. २०१६ ला हायकोर्टानं परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगायला मोकळीक दिली. फ्रीज असलेल्यांची सोय झाली. आमच्या आठवडी बाजाराचं काय?

भाडेकरू:
माझं थोडं वेगळं आहे पण लिहितोच. बोरिवलीत फ्लॅट पाहिला, डिपॉझिट ठरलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "आडनाव काय? आणि खाण्यात काय?" मी म्हटलं, रविवारी सुकट करतो. दलालाचा दुसऱ्या दिवशी फोन, मालकांचा विचार बदलला. भूतदया म्हणजे मुंबईत हेच. बोंबलाला दया दाखवायची आणि माणसाला जिन्यातून परत पाठवायचं.

रत्नांग्री:
बोंबलाचं नाव निघालं म्हणून आलो. मासळी तुम्ही जिवात धरता की भाजीत? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, तेवढे दोन महिने समुद्राला श्वास. बाकी वर्षभर पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्यांचे बोटवाले, अंड्यावरची मासळी ओढतात, एलईडी दिव्यांनी मासळी ओढून धरायला बंदी असूनही रात्री दिवे दिसतात. २०२३ ला पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याचीच बोटाएवढी पिल्लं बाजारात वाट्यावर मिळतात. शाकाहार-मांसाहार राहू द्या, आधी जाळ्याच्या आसाचं, म्हणजे भोकांच्या मापाचं बोला.

सदाशिवपेठी:
धागा कशाचा, चाललंय काय! सोसायटी, एलईडी, अनुदान. मूळ प्रश्न, गरज नसताना जीव घ्यावा का? याचं उत्तर एकानेही दिलेलं नाही.

माणदेशी:
मी देतो. "गरज नसताना" हे तुमच्याकडे. आमच्या माण तालुक्यात माळावर कुसळाशिवाय काय उगवतं? ते कुसळ तुम्ही खाणार? मेंढरू खातं. सुगी झाली की मेंढरं कोकणपट्टीला नाहीतर बागायतीला जातात, शेतकरी त्यांना रानात बसवून घेतो, लेंडीखताबद्दल धान्य देतो. त्याच रानातला भात तुम्ही शाकाहारी म्हणून खाता. माझ्या चुलत्यानं पाळलेलं नर कोकरू विकताना मी त्याला रडताना पाहिलंय, आणि त्याच पैशांत पोरीची फी भरतानाही.

निव्वळ_वनस्पती:
गोठेवाली ताईंचं सगळं पटलं. म्हणूनच मी दूधही सोडलं, चार वर्षं झाली. जे त्यांनी लिहिलं ते वाचून दूध पिणं आणि मटण खाणं, दोन्ही सोडायला हवं. गोऱ्ह्याची कीव करून पुन्हा मटणाचं समर्थन कसं होतं, ते कळलं नाही.

गोठेवाली:
वा! माझाच गोऱ्हा माझ्याच अंगावर. बाई, तुमचं बदामाचं दूध लिटरला किती पडतं ते एकदा आमच्या गावच्या अंगणवाडीत येऊन सांगा. बी-१२ च्या गोळ्याही घेऊन या.

निव्वळ_वनस्पती:
बदाम कशाला, शेंगदाण्याचं दूध घरी होतं, दह्याऐवजी त्याचीच कढी करते. गोळी घेते, त्यात लाज कसली. तुम्ही माझ्या प्रश्नाला बगल दिलीत.

गोठेवाली:
दिली. कारण तुमच्या उत्तरात माझा गोठा बंद होतो आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात. तुम्ही तुमच्याशी प्रामाणिक आहात, इतकं कबूल. हात जोडणाऱ्या रांगेपेक्षा बऱ्याच.

शाळामास्तर:
पोषण आहारात २०२३ च्या शेवटी आठवड्याला एक अंडं सुरू झालं. आमच्या पाड्यावरची पोरं त्या दिवशी हजर. न खाणाऱ्यांना केळं होतं, कुणावर जबरदस्ती नव्हती. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. नैतिकतेवर मोठ्यांनी हवं तेवढं भांडा, अंडं कुणाच्या ताटातून गेलं तेवढं बघा.

माळकरी_बीड:
माळ घातल्यापासून घरात मटण नाही. मी प्राणी वाचवायला नाही सोडलं, माळेसाठी सोडलं. शेजारी खातो, त्याच्या लेकीच्या लग्नात वाढायला मीच पुढे होतो. मात्र गोऱ्ह्याचं वाचून सकाळपासून चहा गोड लागेना. ताई, हे जरा कमी लिहिलं असतं तर चाललं नसतं का?

सदाशिवपेठी:
ठीक आहे. "दुधात जीव जात नाही" हे वाक्य चुकीचं, धरा माझ्याकडून एक गुण. मटण अनैतिक आहे यावर मी ठाम आहे. आणि चितळ्यांचं दूध उद्या सकाळीही घेणार आहे. झालं समाधान?

गोठेवाली:
घ्या की. फक्त लिटरमागे दहा रुपये जास्त द्या आणि मग ठाम राहा.

भाडेकरू:
तुमचं मिटलं असेल तर, दादर-माहीमला मांसाहारी चालणारा वन आरके कुणाच्या माहितीत आहे का? निरोप टाका.

रत्नांग्री:
आहे. मालक आमच्यातलेच. पण सुकटीचा वास चालत नाही म्हणतात.